जुने मासे ठणठणीत, नवीन आणले की चार दिवसांत खलास? आधी हे तपासा

शनिवारी संध्याकाळी बारा निऑन टेट्रा मासे आणले, रविवारी सकाळी दोन तळाशी, सोमवारपर्यंत सात गेले, आणि बुधवारी ऑफिसमधून आले तर एकच उरलेला, तोही फिल्टरच्या पाइपमागे तोंड वर करून उभा. टँक चार वर्षं चालू असलेला, आत पाच विडो टेट्रा आणि वीतभर वाढलेला सकर मासा, ते सगळे एकदम मजेत. नवरा म्हणाला, दुकानदाराने आजारी माल गळ्यात मारला तुझ्या. मलाही तेच वाटलं म्हणून दुसऱ्या दुकानातून आठ आणले, तेही गेले. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी पैसे घ्यायच्या आधी विचारलं, "ताई, टँकचं पाणी आणलंय का बाटलीत?" नव्हतं आणलं. "मग आज मासे नेऊ नका, उद्या पाणी घेऊन या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं पेन आधी त्यांच्या टाकीत बुडवलं, २१०. मग माझ्या बाटलीत, ११४०. मी म्हटलं पेन बिघडलंय, तर त्यांनी ते पुसून परत त्यांच्या टाकीत बुडवून दाखवलं.

जुने मासे जगतायत म्हणजे पाणी बरं असणार, असं आपण धरून चालतो आणि तिथेच घोळ होतो. पाणी रोज इतकं थोडं थोडं बिघडतं की आतल्या माशांना त्याची सवय होत जाते, आणि नवीन माशाला मात्र चार वर्षांचा सगळा फरक पिशवीतून बाहेर पडल्यापडल्या अंगावर घ्यावा लागतो. दुकानाची चूक कधीच नसते असं नाही, असते पण. तरी आधी आपलं घर तपासा. खालचं सगळं मी मार खात शिकलेय, त्यामुळे क्रमाने करा.

पहिलं काम, काहीच करू नका

म्हणजे नवीन मासे आणू नका, घाबरून ८० टक्के पाणी बदलू नका, फिल्टर नळाखाली खसाखसा धुऊ नका, आणि निळं औषध, पिवळं औषध, मीठ असं सगळं एकदम ओतू नका. मेलेला मासा लगेच काढा, कारण लहान टँकमध्ये एक कुजलेला मासाही अमोनिया, म्हणजे घाणीतून होणारं विष, वाढवायला पुरतो. पण काढून थेट फ्लश करू नका. पांढऱ्या बशीत ठेवा आणि मोबाइलच्या टॉर्चने नीट बघा. टूथपिकने कल्ला हळूच उचलायचा, आतला भाग नुकत्याच मेलेल्या माशात लालसर असायला हवा. चॉकलेटीसारखा दिसला तर नायट्राइटचा (अमोनियापासून बनणारं दुसरं विष) संशय घ्या, खूप सुजलेला आणि भडक लाल असेल तर अमोनिया किंवा कल्ल्यातले परजीवी. अंगावर रव्यासारखे दाणे दिसले तर व्हाइट स्पॉट. शेपटी कुरतडलेली, खवले उडालेले असतील तर आतलाच कुणीतरी दादागिरी करतोय. मासा तासनतास पाण्यात पडून राहिला असेल तर मात्र या सगळ्याचा उपयोग नाही, रंग उतरतो आणि उरलेलं सकरने खाल्लेलं असतं.

मासा कधी मेला ते लिहून ठेवा

सगळ्यात फुकट आणि सगळ्यात उपयोगी माहिती हीच, आणि नेमकी कुणाला आठवत नाही. सोडल्यावर काही तासांत मेला तर पाण्यातला मोठा फरक, म्हणजे क्लोरीन, तापमान, पीएच, अमोनिया. एक ते चार दिवसांत एकेक करून गेले तर टीडीएसचा फरक, अमोनिया-नायट्राइट किंवा मारामारी, माझे निऑन याच गटातले. पाचव्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत जायला लागले तर आजार, आणि तो बहुतेक वेळा माशाबरोबरच आलेला असतो, कधी कधी मात्र आपल्या जुन्या माशांच्या अंगावर गुपचूप बसलेला असतो, त्यांना पचतो आणि प्रवासाने दमलेल्या नव्याला पचत नाही. महिनाभराने वाळून वाळून मेला तर त्याला खायला मिळत नव्हतं किंवा पोटात जंत होते.

आणि नव्यांबरोबर जुनेही पटापट मरत असतील तर हा लेख बाजूला ठेवा, ते प्रकरण वेगळं. घरात पेस्ट कंट्रोल झालंय का, खिडकी उघडी असताना डासांची फॉगिंगची गाडी येऊन गेली का, आधी ते आठवा. त्या फवाऱ्यातली औषधं माशांना अतिशय विषारी असतात.

तीन पाणी मोजा

नळाचं, टँकचं आणि दुकानाच्या पिशवीतलं. एकटं टँकचं मोजून काही कळत नाही, तुलना पाहिजे. टीडीएस पेन तीन-चारशे रुपयांत मिळतं, आरओवाला येतो त्याच्याकडेही असतं. त्याच्या जोडीला पीएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि जमलं तर केएच (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) मोजणारं किट घ्या, थेंबांचं घ्या, कागदी पट्ट्या नकोत. किट महाग वाटतं, पण मी एव्हाना वीस निऑन मारले होते, त्याचाही हिशोब होतोच.

नायट्रेटच्या टेस्टमध्ये एक गंमत आहे. एपीआय कंपनीच्या किटमधली दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवायची असते, थेंब टाकल्यावर ट्यूबही मिनिटभर हलवायची, कारण आतली पावडर खाली बसते. मी पहिल्यांदा नुसती उलटी-सुलटी केली तर रीडिंग आलं १०, खूश झाले. मग बाटली ओट्यावर दोन-चारदा आपटून, नीट हलवून परत केली तर ट्यूब लालभडक.

आकडे असे वाचा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच पाहिजे, "थोडंसं आहे" चालत नाही. नायट्रेट ४० च्या आत असेल तर ठीक, १०० च्या वर गेलं असेल तर नवीन मासा आणायचा विचार सोडा. पीएचचा आकडा अमुकच हवा असं काही नाही, दुकानातल्यापेक्षा अर्ध्या अंकाहून (०.५) जास्त फरक असेल तर सावध व्हा. टीडीएसमध्ये शंभर-दीडशेचा फरक मासे सहसा सहन करतात, तीनशे-चारशेच्या पुढे गेला की माझ्या अनुभवात निऑन, रमीनोज असले नाजूक मासे टिकत नाहीत, गप्पी-मॉली जास्त सोसतात.

पुण्यात दोन प्रकारचे जुने टँक

हे मला फार उशिरा कळलं. सदाशिव पेठेत माझ्या मैत्रिणीकडे फक्त कॉर्पोरेशनचं पाणी येतं, खडकवासल्याचं, म्हणजे पानशेत-वरसगाव-टेमघरकडून आलेलं सह्याद्रीतलं पावसाचंच पाणी, एकदम मऊ. तिच्या नळाचा टीडीएस ९०. आमच्याकडे बावधनला सोसायटीच्या टाकीत कॉर्पोरेशनचं, बोअरचं आणि टँकरचं अशी सगळी मिसळ, त्याचा टीडीएस सहाशेच्या आसपास. दोघींचे टँक जुने, दोघींचे नवे मासे मरतात, पण कारणं पूर्ण उलटी.

आमच्यासारख्या टँकमध्ये क्षार साठतात. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. हिशोब करून बघा, १०० लिटरचा टँक, उन्हाळ्यात आठवड्याला ५ लिटर पाणी उडतं, ते ६०० टीडीएसच्या पाण्याने भरलं की दर आठवड्याला टँकचा टीडीएस ३० ने वर. दहा आठवड्यांत ३००! मी चार वर्षं "पाणी कमी झालं की भरते" म्हणजेच मेंटेनन्स असं समजत होते, बादलीभर बदलायचं ते महिन्यातून कधीतरी आठवलं तर.

मैत्रिणीच्या टँकमध्ये पीएच घसरतो. फिल्टरमधले बॅक्टेरिया माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं नायट्रेट करतात, त्यात आम्ल तयार होतं, ते झेलायचं काम केएच करतो, आणि मऊ पाण्यात केएच मुळातच कमी. पाणी बदललं नाही तर केएच संपतो आणि पीएच सहाच्या खाली जातो. तिच्या किटवर ६.० चा पिवळा रंग आला आणि ती म्हणाली चला सहा आहे, पण सहा हा त्या कार्डावरचा सगळ्यात खालचा रंग, त्याच्याखाली कितीही असलं तरी पिवळंच दिसतं. इतक्या कमी पीएचला बॅक्टेरिया जवळजवळ काम बंद करतात, अमोनिया साठतो, तरी जुने मासे जगतात, कारण पीएच ६ ला त्या अमोनियातला हजारात एक भागही विषारी रूपात नसतो. पीएच ८ ला तोच शंभरात पाच भाग होतो. म्हणून असा टँक "घाण झालाय" म्हणून एका दिवसात धुऊन पाणी बदललं, पीएच एकदम वर गेला आणि अमोनिया अजून शिल्लक असेल तर जुने मासेही संध्याकाळपर्यंत आडवे. "पाणी बदललं की मासे मरतात" असं सांगणारे जे लोक भेटतात ना, त्यांच्याकडे बहुतेक हेच झालेलं असतं, आणि मग ते पाणी बदलणंच सोडून देतात.

सुधारायचं सावकाश

एक दिवसाआड १० टक्के पाणी बदला, बस. कमी वाटतं, पण दहा वेळा केलं की जुन्या पाण्याचा साधारण ३५ टक्केच हिस्सा उरतो, म्हणजे वीस दिवसांत बऱ्यापैकी काम होतं आणि जुन्या माशांना कळतही नाही. खालची वाळू सायफनने साफ करायची, पण दर वेळी एकच कोपरा, सगळी एकदम उकरली तर दबलेली घाण वर येते. फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच पिळायचा.

बोअर-टँकरवाल्यांनी उडालेलं पाणी भरायला आरओचं पाणी वापरा आणि बदलायला नेहमीचं. आरओमधून फेकलं जाणारं पाणी कृपया टँकमध्ये टाकू नका, त्यात क्षार अजून जास्त असतात, मी बचत म्हणून तेही करून बसलेय. मऊ पाणीवाल्यांनी केएच वाढवायला जाळीच्या पिशवीत मूठभर शिंपले किंवा कोरलचा चुरा फिल्टरमध्ये ठेवावा, तो हळूहळू विरघळतो. घाई असेल तर १०० लिटरला अर्धा छोटा चमचा खायचा सोडा पाण्यात विरघळवून टाकला की केएच साधारण एकने वाढतो. खायचा, धुण्याचा नाही. आणि अमोनिया शून्य झाल्याशिवाय पीएच वाढवायच्या भानगडीत पडायचं नाही, कारण वर सांगितलंच.

नवीन पाण्यात अँटीक्लोर (क्लोरीन मारायचं औषध) टाका किंवा बादलीत एअर स्टोन लावून २४ तास ठेवा, साधं क्लोरीन उडून जातं. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास येतो तेव्हा तर नक्कीच. आणि गुरुवार बघून! दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद अशी सूचना आली की सोसायटीत त्या दिवशी टँकर येतात, शुक्रवारी सकाळी नळाला कमी दाबाने, कधी गढूळ पाणी येतं, म्हणजे त्या दोन दिवसांत तुमच्या टाकीतलं पाणी नेहमीचं नसतं. मी आता बदलायच्या आधी दर वेळी पेन बुडवते, एकदा गुरुवारी ९३० आलं होतं.

दुकानात

टँकचे आकडे नळाच्या जवळ आल्यावरच दुकानात जायचं. पहिला प्रश्न, हे मासे कधी आले? आपल्याकडे बरेच मासे चेन्नईच्या कोळत्तूरकडून किंवा कोलकात्याकडून निघतात, कितीतरी तास पिशवीत असतात, मधे मुंबईत एखादा होलसेलर, म्हणजे दोन-तीन दिवसांत तीन-चार पाणी बदलतात. कालच आलेला माल घेऊ नका, आठवडाभर दुकानात राहून जगलेला घ्या. त्या टाकीत एक जरी मेलेला दिसला तर त्या टाकीतला मासा नको, आणि एकाच फिल्टरवर सगळ्या टाक्या जोडलेल्या असतील तर त्या दिवशी काहीच नको. समोर खायला टाकायला सांगा, झडप घालतात का बघा. एका वेळी चार-सहाच घ्या, कारण फिल्टरमधले बॅक्टेरिया आहेत तेवढ्याच माशांच्या हिशोबाचे असतात, एकदम पंधरा आणले की अमोनिया वर जातो.

पिशवी टू-व्हीलरच्या डिक्कीत टाकू नका, खाली इंजिन असतं, लक्ष्मी रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्ध्या तासात पाणी कोमट होतं. डिसेंबर-जानेवारीत उलट, हँडलला लटकवलेली पिशवी बर्फासारखी होते. पेपरमध्ये गुंडाळून कापडी पिशवीत घाला, थर्माकोलचा डबा असेल तर उत्तम. थंडीत टँकला हीटर पाहिजेच, लिटरला एक वॅटच्या हिशोबाने, रात्री पाणी २० पर्यंत उतरत असेल तर दुकानातल्या २६ वरून आलेला मासा आजारी पडणारच.

वेगळा टब

मला विचाराल तर हा एकच भाग केलात तरी निम्मे मासे वाचतील. वीस-पंचवीस लिटरचा प्लॅस्टिकचा टब, भांड्यांच्या दुकानातला साधा, एक स्पंज फिल्टर, एअर पंप, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, वर जाळी. स्पंज आधी तीन-चार आठवडे मोठ्या टँकमध्ये चालवलेला पाहिजे, कोरा लावलात तर टबमध्येच अमोनिया होतो.

टबमध्ये पाणी दुकानाच्या टीडीएसचं करायचं. आमच्याकडे एक भाग नळाचं आणि दोन भाग आरओचं मिसळलं की दोनशेच्या जवळ येतं. पिशवी बंदच पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवायची, मग उघडून मासे जाळीने टबमध्ये, पिशवीतलं पाणी मोरीत. पाणी जुळलेलं आहे त्यामुळे थेंबथेंब सोडायची गरज नाही. कुरियरने लांबून आलेल्या पिशवीचं तर थेंबथेंब करूच नका, बंद पिशवीत श्वासाच्या कार्बन डायऑक्साइडने पीएच उतरलेला असतो म्हणून आतला अमोनिया सौम्य राहतो, पिशवी उघडली की पीएच चढायला लागतो आणि मासा त्याच अमोनियात तासभर पोहत बसतो.

टब नसेलच आणि जवळच्या दुकानातून आणलं असेल तर मात्र थेंबथेंब करा. एअरच्या नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब, दीड-दोन तासांत पिशवीतलं पाणी तिप्पट होऊ द्या. याने लहान फरक भरून निघतो, २१० ते ११४० नाही, तेवढ्याशी जुळवून घ्यायला माशाच्या शरीराला दिवस लागतात.

टबमध्ये पहिला दिवस खायला नाही, लाइट नाही. तिसऱ्या दिवसापासून रोज टबमधलं १०-१५ टक्के पाणी काढून मोठ्या टँकचं पाणी घालायचं, म्हणजे दोन आठवड्यांत मासा आपोआप तुमच्या पाण्यात आलेला असतो. एकूण तीन ते चार आठवडे ठेवा. या काळात व्हाइट स्पॉट निघाला तर टबमध्येच निघतो. मग तापमान एका दिवसात एक-दोन अंश असं करत २९-३० ला न्यायचं, हवा वाढवायची कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, आणि औषध बाटलीवर लिहिलंय तेवढंच. दाणे अंगावर असताना औषध आतल्या किड्याला लागत नाही, तो पाण्यात मोकळा सुटला की मरतो, म्हणून दाणे गेले तरी अजून आठवडाभर चालू ठेवा. टबची जाळी आणि बादली मोठ्या टँकला लावायची नाही.

मोठ्या टँकमध्ये सोडताना रात्री, लाइट बंद करून. आधी एक-दोन दगड आणि लाकूड इकडचं तिकडे करा म्हणजे जुन्यांचे कोपरे मोडतात, जुन्यांना पोटभर खायला घाला आणि मगच सोडा. पहिल्या दोन रात्री टॉर्च घेऊन एकदा बघा, मारामारी दिवसा दिसतेच असं नाही.

मी शेवटी दोन महिन्यांनी गेले काकांकडे, बाटली घेऊनच. टँकचा टीडीएस नळासारखाच सहाशेच्या आसपास आला होता. बारा निऑन घेतले, सहाचा नियम मोडलाच, पण पंचवीस दिवस टबमध्ये ठेवले आणि तिथे एकही गेला नाही. मोठ्या टँकमध्ये आता अकरा आहेत. बाराव्याचं काय झालं ते सकरलाच विचारावं लागेल.